शंभरपर्यंत म्हणता येतं, पण सात चिंचोके देता येत नाहीत

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही धुळ्यात बालवाडीच्या मोठ्या गटाला शिकवता. वर्गात चोवीस मुलं, निम्म्यांच्या घरी अहिराणी आणि निम्म्यांच्या घरी उर्दू. मुलं एक ते शंभर धडाधड म्हणतात, पालक खूश आहेत, पण ‘सात चिंचोके दे’ म्हटलं की मूठभरून पुढे करतात. दुसरीकडे तुमचं भूगोलाचं एम.ए. चालू आहे आणि प्रकल्पाचा विषय आहे शहरातल्या मशिदींचं वितरण. दोन्हीला वेळ पुरत नाही, म्हणून नकाशाचं काम मुलांच्या गणिताशी जोडता येईल का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या ओळीत एका गप्प बसणाऱ्या मुलाबद्दलही लिहिलंय. त्याच्याकडेही येते.

मी खानदेशात सव्वीस वर्षं लहान मुलांच्या गणिताचं काम करते. आधी स्वतः बालवाडी चालवली, नंतर अंगणवाडी सेविकांबरोबर बसून खेळ तयार केले. तेवढ्या अनुभवावर सांगते : जोडता येईल, पण तुमच्या प्रकल्पाची माहिती मुलांकडून गोळा करवून घेऊ नका. पाच वर्षांच्या मुलाचा तो विषय नव्हे आणि तुमच्या प्रकल्पालाही त्याने बळ येणार नाही. जोड आहे ती वेगळ्या ठिकाणी. एका वस्तूला एक बोट आणि एक शब्द, ही मोजणी. एका जागेला एक खूण, हा नकाशा. दोन्हींच्या मुळाशी एकास एक संगती आहे, आणि तुमच्या मुलांची नेमकी तीच कच्ची राहिली आहे.

आधी मोजणीचं बघू. विटीदांडूतली गिनती आठवते का? वकट, लेंड, मूंड, नाल… गावागणिक शब्द थोडे बदलतात. तेलुगूत एक-दोन-तीन-चारला ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणतात. किती जवळचे शब्द आहेत बघा. आपल्याकडची पोरं पिढ्यान्‌पिढ्या ते म्हणत आली, तेलुगू कोणालाच येत नव्हतं. म्हणजे शब्दांची माळ अर्थ न कळताही बिनचूक पाठ होते. तुमची मुलं शंभरपर्यंत म्हणतात तेव्हा हेच घडत असतं. मात्र विटीदांडूत एक गोष्ट जास्तीची होती. वकटचा टोला वेगळा, लेंडचा वेगळा. शब्द आणि हाताची कृती एकमेकांना बांधलेली. उजळणीत ती गाठ सुटते. मूल मांडी घालून, डोलत, भिंतीकडे बघत म्हणतं. हात रिकामे असतात.

गेलमन आणि गॅलिस्टेल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली. मी ती सेविकांना चिंचोक्यांवरच समजावते. शब्दांचा क्रम दर वेळी तोच हवा. एका चिंचोक्याला एकच शब्द हवा, ना दोन, ना शून्य. शेवटी जो शब्द आला तो सगळ्यांचा मिळून आकडा. डावीकडून मोजा की उजवीकडून, उत्तर तेच. आणि चिंचोके मोजा, बकऱ्या मोजा की टाळ्या मोजा, रीत एकच. तुमच्या मुलांना यातलं पहिलं पक्कं येतं. दुसऱ्यात ती अडखळतात. तिसरं बहुतेकांना अजून उमगलेलंच नाही, आणि सगळी गंमत तिसऱ्यात आहे.

ते ओळखायचं कसं? मूल सात चिंचोके बोट लावून नीट मोजतं. तुम्ही विचारता, ‘मग किती झाले?’ ते पुन्हा एकपासून सुरू करतं. तुमच्या लेखी ‘सात’ हे उत्तर होतं, त्याच्या लेखी ते सातव्या चिंचोक्याचं नाव होतं. माझ्या वर्गात एका मुलीने सातवा चिंचोका उचलून हातावर ठेवला होता, ‘हा सात’ म्हणून. ती चुकत नव्हती. आम्ही तिला आजवर जे शिकवलं होतं त्याचंच ते प्रामाणिक उत्तर होतं. त्या दिवसानंतर मी वर्गात ‘मोज’ म्हणणं कमी केलं आणि ‘दे’ म्हणणं वाढवलं.

तेव्हा सोमवारी एवढं करा. एकेका मुलाला बाजूला घ्या, वाटीत पंधरा चिंचोके ठेवा. ‘मला एक दे.’ दिला की परत वाटीत. ‘दोन दे.’ ‘तीन दे.’ जिथे मूल मूठ भरून देतं तिथे थांबा आणि वहीत नावापुढे आधीचा आकडा लिहा. एका मुलाला तीन मिनिटं लागतात. रागावू नका, दुरुस्त करू नका, शाबासकीही एकसारखीच द्या. सुरुवातीचे आकडे मुलांना एकेक करून, कधी काही महिन्यांच्या अंतराने कळतात. एक कळलेल्याला दोन कळायला वेळ लागतो, दोनवाल्याला तीन. पण तीन-चार पक्के झाले की पुढचे आकडे त्या मानाने भराभर येतात, कारण मुलाला एव्हाना मोजणीची युक्तीच कळलेली असते. म्हणून जे मूल तीनवर अडलंय त्याच्यापुढे दहाचा ढीग टाकू नका. त्याच्याबरोबर तीन आणि चारच खेळा, पंधरा दिवस खेळा.

यात परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टी आहेत, त्या आधीच सांगते. वय बघा, मोठ्या गटात साडेचारची आणि सहाची मुलं शेजारी बसतात आणि त्या वयात दीड वर्ष फार मोठं असतं. हजेरी बघा, दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा कापूस वेचायला आईबापांबरोबर गेलेलं मूल चार महिने वर्गातच नव्हतं, तर त्याला मागे पडलेलं म्हणू नका. उलट वेचणीच्या पिशव्या आणि वजनकाटा पाहून आलेल्या मुलाला ‘जड-हलकं’ तुमच्या वर्गातल्या कोणाहीपेक्षा चांगलं कळतं, तिथून सुरुवात करा. आणि तिसरी गोष्ट भाषेची. ती मला सगळ्यांत मोठी वाटते.

‘एकूण किती?’ हा आपला शाळेतला प्रश्न. अहिराणी घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला ‘एकूण’ हा शब्द आकाशातून पडल्यासारखा असतो. त्याला ‘बठ्ठा कितला?’ विचारा. उर्दू घरातल्या मुलाला ‘सब मिला के कितने?’ विचारा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ज्यांना मी ‘येत नाही’ म्हणून वहीत लिहिलं होतं त्यांतल्या कितीतरी मुलांनी उत्तर दिलं. त्यांना गणित येत होतं, माझा प्रश्न कळत नव्हता. वर्गात दोन्ही शब्द चालू ठेवले तर आणखी एक गोष्ट घडते : ‘कितला’ आणि ‘कितने’ ही भावंडं आहेत हे मुलं स्वतःच शोधून काढतात आणि एकमेकांच्या भाषेत प्रश्न विचारू लागतात. मराठी त्यांना शिकवायचीच आहे. पण ‘सगळे मिळून’ ही कल्पना घरच्या शब्दात एकदा रुजू द्या, मग तिच्यावर ‘एकूण’ चढवा.

वीसच्या पुढच्या आकड्यांची घाई तर करूच नका. सत्तावीस म्हणताना सात आधी येतो, लिहिताना दोन आधी येतो. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. मूल मात्र ‘अठ्ठावीस, नऊवीस’ म्हणतं आणि तर्काने बघितलं तर तेच बरोबर आहे. उर्दूतही सत्ताईस, उनतीस ही तशीच अडचण. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस सात’सारखी वाचनाची रीत दिली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. भाषेचं काय व्हावं यावर माझं मत वेगळं असेल, तुमचं वेगळं असेल. पण पुस्तकाने बोट ठेवलं होतं ती अडचण खरी होती. बालवाडीत मी दहापर्यंत खोल जाते आणि वीसपर्यंत खेळत जाते. शंभरचं म्हणणं गाण्यासारखं चालू राहू दे, त्याने बिघडत काही नाही. त्याला गणित समजू नका एवढंच.

आता खेळ. मी डझनावारी खेळ करून पाहिले, शेवटी हाताशी उरले ते थोडे. त्यातला पहिला मान चिंचोक्यांच्या पट्टीचा.

जमिनीवर खडूने सरळ रेषेत दहा घरं आखा, डावीकडून उजवीकडे, सारख्या मापाची. प्रत्येकात आकडा लिहा. दोन चिंचोके फोडून त्यांच्या चार डाळ्या करा, एक बाजू पांढरी, एक तपकिरी. त्यातल्या दोनच डाळ्या घ्या. आपल्या आज्या चौफुल्याला टाकायच्या तशा टाकायच्या : एक पांढरी वर आली तर एक घर, दोन आल्या तर दोन घरं, एकही नाही तर पुन्हा टाका. मुलाने सोंगटी सरकवताना आकडा मोठ्याने म्हणायचा. बस, एवढाच खेळ. एक डाव पाच मिनिटांत संपतो.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती सुटली तर खेळाचा निम्मा गुण जातो. मूल चौथ्या घरात आहे आणि दोन पडले. बहुतेक मुलं सरकताना ‘एक, दोन’ म्हणतात. त्यांना ‘पाच, सहा’ म्हणायला लावा, म्हणजे ज्या घरात पाय पडला त्या घराचं नाव. सीगलर आणि रमाणी यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर अशीच दहा घरांची पट्टी खेळून पाहिली होती. दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका. आकड्यांच्या पट्टीवर खेळलेल्या मुलांना कोणता आकडा मोठा, कोणता कुठे बसतो याचा अंदाज चांगला येऊ लागला. तशीच पण नुसती रंगांची पट्टी खेळलेल्यांना तो फायदा झाला नाही. पुढे त्यांनी गोल पट्टीही करून पाहिली, तिचा उपयोग सरळ पट्टीइतका झाला नाही. मला हे वाचून नवल वाटलं नाही. सरळ पट्टीवर आठ हा तीनच्या पुढे आहे हे मुलाच्या पायाला कळतं : लांब चालावं लागतं, जास्त वेळ लागतो, जास्त शब्द म्हणावे लागतात. तीन गोष्टी एकाच वेळी एकच सांगत असतात.

म्हणून जागा असेल तर पट्टी इतकी मोठी आखा की सोंगटीऐवजी मूलच चालेल. लंगडीने गेलं तर आणखी छान.

दुसरा खेळ वाढण्याचा. वर्गात खाऊच्या वेळी एका मुलाला सांगा, ‘आपल्या रांगेत जितकी मुलं तितक्याच वाट्या आण, एकाच फेरीत.’ पहिल्या दिवशी ते दोन आणतं, मग पुन्हा पळतं. आठवडाभराने ते जाण्याआधी उभं राहून मुलं मोजतं, ओठांत आकडा घोळवत जातं आणि तेवढ्याच वाट्या घेऊन येतं. आकडा डोक्यात धरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेला! तो क्षण बघायला मिळाला की मला अजूनही दिवसभर बरं वाटतं.

घरांतही हे आहेच. श्रावणात आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या रोटांसाठी घरातल्या माणसांची नावं घेत सव्वा-सव्वा मूठ गहू काढतात. एका नावाला एक माप, एकास एक संगतीचा याहून चांगला धडा मी पुस्तकात पाहिलेला नाही. केळीच्या घडाला फण्या किती, एका फणीला केळी किती, हे यावल-रावेरकडची मुलं सहज सांगतात. मोहल्ल्यातल्या मुलांना तसबीहचे, म्हणजे जपमाळेचे, मणी माहीत असतात, तेहेतीस, तेहेतीस आणि चौतीस असे शंभर. आजीच्या बोटांखालून मणी सरकताना त्यांनी रोज पाहिलेलं असतं. पालकांना बोलवाल तेव्हा ‘घरी उजळणी घ्या’ न सांगता हे सांगा. ताटं मांडताना, भाकरी मोजताना पाच मिनिटं मुलाला बरोबर घ्या. वह्या भरलेल्या बघायची सवय झालेल्या बापाला हे पटायला वेळ लागतो. त्याच्यासमोर मुलाकडून सात चिंचोके मागून दाखवा, मग दोन महिन्यांनी पुन्हा दाखवा. मी वाद घालून एकाही पालकाला पटवू शकले नाही, असं दाखवून पुष्कळांना पटलं.

थोडक्यात इथवरचं : शेवटचा शब्द म्हणजे सगळ्यांचा आकडा, हे मुलाला कळायला हवं, ते ‘दे’ आणि ‘आण’ यांतून कळतं, प्रश्न घरच्या शब्दात हवा, आणि सरळ पट्टी रोज. आता नकाशाकडे येते.

धुळ्यात तुम्हाला जे आयतं मिळालंय ते दुसऱ्या गावच्या बाईंना मिळणार नाही. जुन्या शहरातल्या गल्ल्यांना नावाऐवजी नंबर आहेत. इंग्रजांच्या ताब्यात खानदेश आल्यावर, १८१८ नंतर, कॅप्टन ब्रिग्जने धुळं हे मुख्य ठाणं केलं आणि सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली. आज आपण सहज ‘गल्ली नंबर चार’ म्हणतो. शिवाय ऐंशी फुटी रोड, शंभर फुटी रोड, चाळीसगाव रोड. मुलं आकड्यांच्या शहरात राहतात. आणि इथेच एक छान प्रश्न आहे : गल्ली नंबर चार म्हणजे चार गल्ल्या का? नाही, ती चौथी. मग शंभर फुटी रोड शंभरावा का? नाही, तो रुंदीचा. मोठ्या गटातल्या सहा वर्षांच्या मुलांना हा फरक बोलून पुरेसा कळत नाही, पण चालून कळतो.

फरशीवर रंगीत पट्ट्यांनी तुमच्या बालवाडीच्या आसपासच्या तीन-चार गल्ल्या आखा. अख्खं शहर नको. मूल रोज ज्या वाटेने येतं तेवढंच. आता मुलांना घेऊन एक फेरी मारा आणि प्रत्येकाच्या हातात एक छोटी पिशवी द्या. मशीद दिसली की एक हिरवा मणी पिशवीत. देऊळ दिसलं की एक लाल. पिठाची गिरणी दिसली की पांढरा, हापसा दिसला की निळा. वर्गात परत येऊन ते मणी फरशीवरच्या नकाशात जागेवर मांडायचे. इथे मुलं खरी भांडतात : ‘तू दोन मशिदी ठेवल्या, तिथे एकच आहे!’ दोन मिनार आहेत म्हणून कोणी दोन मणी टाकलेले असतात. मग ठरवावं लागतं, मशिदी मोजतोय की मिनार? काय मोजायचं हे आधी ठरवल्याशिवाय मोजता येत नाही, हे त्या भांडणातून निघतं. ताई, तुमच्या एम.ए.च्या प्रकल्पातलाही पहिला प्रश्न हाच आहे.

मशिदीबाहेरचा नमाजच्या वेळांचा फलक मुलांना दाखवा. पाच घड्याळांची चित्रं, बहुतेक ठिकाणी जुम्म्याचं सहावं. फजर, जोहर, असर, मगरिब, इशा : मोहल्ल्यातलं मूल बोटांवर पाच म्हणून दाखवतं, आणि त्या दिवशी वर्गाला शिकवणारं तेच असतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघा तेव्हा. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या देवळातल्या घंटा मोजून दाखवायला दुसरं मूल पुढे येईल.

दिशाही इथेच शिकवता येतात. नमाज मक्केच्या दिशेला तोंड करून होते, आणि धुळ्याहून ती दिशा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेली आहे. त्यामुळे मेहराबची, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कमानीची, भिंत पश्चिमेला असते. अनोळखी गल्लीत शिरलात तरी मशिदीवरून पश्चिम सापडते. हे मी तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर करते, होकायंत्र हातात देऊन. बालवाडीच्या मुलांना ‘सूर्य मावळतो त्या बाजूची भिंत’ एवढं पुरे.

आता एक गोष्ट मनापासून सांगते. आपल्या शहराने दंगलींचे वाईट दिवस पाहिले आहेत. कोणी वही घेऊन मशिदी मोजत फिरतंय म्हटलं की लोकांच्या मनात ‘कशासाठी?’ येणारच, आणि तो प्रश्न विचारायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. म्हणून मुलांच्या फेरीत एकाच धर्माच्या जागा कधी मोजू नका. गिरणी, हापसा, देऊळ, मशीद, रेशन दुकान सगळं मोजा, कारण मुलाच्या जगात ते सगळं शेजारी शेजारीच आहे. आधी पालकांना सांगा. इमामसाहेबांना आणि देवळाच्या पुजाऱ्यांना आदल्या दिवशी भेटून या. माझ्या एका फेरीच्या वेळी मी हे टाळलं होतं, घाईत होते. एका आजोबांनी अडवून विचारलं आणि मुलं घाबरली. चूक माझी होती. दुसऱ्या वर्षी आधी भेटून आले, तर त्याच गल्लीत मुलांना सरबत मिळालं. नमाजच्या वेळी जाऊ नका, माणसांचे फोटो काढू नका, आणि मुलांचा नकाशा वर्गाच्या भिंतीवरच राहू द्या.

तुमच्या प्रकल्पाबद्दल माझा अधिकार कमी आहे, तरी वस्त्यांचे नकाशे बनवताना जे शिकले ते सांगते. सगळ्या मशिदींना एकच ठिपका देऊ नका. जुम्म्याची जामा मशीद, मोहल्ल्याची रोजची मशीद आणि वर्षातून दोनदा भरणारं ईदगाह यांची कामं वेगळी, म्हणून जागाही वेगळ्या. रोज पाच वेळा जायचं तर मशीद घराजवळच लागते. ईदगाहला मोकळं मैदान लागतं म्हणून ते वस्तीच्या कडेला असतं. कित्येक गावांत वस्ती वाढत त्याच्या पुढे गेली आहे, आणि ती कड कुठे होती हे ईदगाह आजही दाखवतं. बाजाराजवळच्या, बसस्थानकाजवळच्या मशिदी तिथे राहणाऱ्यांपेक्षा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या असतात. यंत्रमागांच्या वस्तीत पुन्हा वेगळं चित्र. हे प्रकार वेगळे न करता नुसती दाटी मोजलीत तर नकाशा दिसेल छान, सांगेल काहीच नाही.

अंतर सरळ रेषेत मोजू नका. पांझरा नदी मध्ये आहे. देवपूर आणि जुनं धुळं नकाशावर हाताच्या अंतरावर दिसतात, पण माणूस पुलावरूनच जातो. चालून किती मिनिटं, हे मोजा. गुच्छ आहेत की विखुरलेल्या, हे क्लार्क आणि इव्हान्स यांच्या १९५४ च्या सर्वांत-जवळचा-शेजारी या पद्धतीने काढता येतं. एकपेक्षा कमी उत्तर आलं तर गुच्छ, जास्त आलं तर पांगापांग. पण हद्द कुठे धरता त्यावर ते उत्तर फार हलतं, तेव्हा हद्द का तशी धरली ते लिहा. लोकसंख्येशी ताडून पाहायचं तर अडचण येईल : २०११ च्या जनगणनेत धर्मनिहाय आकडे शहरापर्यंत मिळतात, वॉर्डनिहाय मिळत नाहीत. तिथे अंदाजाने आकडे भरू नका. वक्फ मंडळाकडच्या नोंदी बघा, पण प्रत्यक्ष फिरून पडताळा. आणि इतिहासाचं प्रकरण लिहाल तेव्हा तापीकाठच्या थाळनेरला एकदा जाऊन या. १३८२ ते १६०१ खानदेशावर राज्य केलेल्या फारुकींची पहिली राजधानी तिथे होती, त्यांच्या कबरी अजून उभ्या आहेत. आज मशिदी कुठे दाट आहेत याचं उत्तर निम्मं आजच्या कामधंद्यात आणि निम्मं अशा जुन्या ठाण्यांत आणि बाजाराच्या वाटांत सापडतं.

तुमचा वेळ वाचेल तो असा : एकाच गल्लीच्या फेरीला मुलांबरोबर सकाळी जा, आणि त्याच गल्लीतल्या लोकांशी तुमची ओळख झाल्यावर संध्याकाळी एकट्या, वही घेऊन, तुमच्या कामासाठी जा. दोन्ही वेळा कशासाठी आलात ते सांगून. बालवाडीची बाई म्हणून जो दरवाजा उघडतो त्याचा मान राखा.

आता तो मुलगा. तुम्ही लिहिलंय की तो कोणताच आकडा म्हणत नाही, नुसता बघत बसतो. ‘दे’चा खेळ त्याच्याबरोबर सगळ्यांत आधी खेळा, कारण त्यात बोलावं लागत नाही. तुम्ही तीन बोटं दाखवा, त्याने तीन चिंचोके ठेवावेत. टाळ्या वाजवा, तितकेच मणी त्याने मांडावेत. न बोलणाऱ्या काही मुलांचे आकडे वर्गात सर्वांत पक्के निघालेले मी पाहिले आहेत. एका मुलाने मला पाच महिने एक शब्द ऐकवला नव्हता, आणि फरशीवरच्या नकाशात आपल्या घरापासून शाळेपर्यंत प्रत्येक हापसा जागच्या जागी ठेवला होता.

बोटांना उत्तर देतो पण टाळ्यांना देत नाही, असं दिसलं तर ते वहीत लिहून ठेवा. पाठमोरा असताना त्याच्या नावाने हळू हाक मारून बघा, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी. वळला नाही तर आईशी एकटीने बोला आणि कान तपासून घ्यायला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाड्यांत तपासणीला येतं. तुमच्या जवळच्या अंगणवाडीच्या सेविकेला पथक कधी येणार ते विचारून त्या दिवशी त्याला तिथे न्या, नाहीतर थेट जिल्हा रुग्णालयात. यात महिना घालवू नका. सोमवारच्या तपासणीत चोवीस मुलं कुठे कुठे अडली ते मला कळवा, म्हणजे पुढचे खेळ कोणते घ्यायचे ते आकडा बघून सांगता येईल.